उजव्या गालापाशी

"दादा, आज कोण?" धाकट्याने विचारलं तेव्हा मी बाकावर बसून डाव्या हाताला पट्टी गुंडाळत होतो. "लंबू," मी म्हटलं, "शनिवारपर्यंत आता लंबूच." "बरं," तो म्हणाला. मग त्याने दोरीवर शंभरेक उड्या मारल्या, नळावर जाऊन चूळ भरली, टॉवेलने तोंड पुसलं आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. प्रश्न विचारून झाला की भुवया वर करायची त्याची लहानपणापासूनची लकब आहे. त्याच चेहऱ्याने, त्याच सुरात, तीही लकब न चुकता करून तो म्हणाला, "दादा, आज कोण?" पट्टी माझ्या हातातून सुटली आणि उलगडत बाकाखाली गेली. ती उचलायला मी वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिलो. थट्टा करतोय म्हणावं, तर धाकट्याला थट्टा जमत नाही. आयुष्यात त्याने एकच विनोद पाठ केलाय आणि तोही तो शेवटाकडून सांगायला सुरुवात करतो. "लंबू," मी पुन्हा म्हटलं. "बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि दोरी उचलायला गेला.

आमच्यात हा प्रश्न रोजचाच, दूध आलं का असं कुणी घरात विचारावं तसा. घरोघरी माहिती विचारत फिरणाऱ्या सरकारी माणसाला मी धंदा बॉक्सिंग असा सांगितला होता आणि त्याने मान वर न करता तो लिहूनही घेतला. पण खरं सांगायचं तर मी बॉक्सर नाही, मी म्हणजे दुसरे बॉक्सर. धाकट्याची पुढची लढत ज्याच्याशी ठरेल त्याच्या जुन्या लढती मी घरी बसून आवाज बंद करून बघतो, पुन्हा पुन्हा बघतो, आणि आठ-दहा दिवसांत तो माणूस होऊन रिंगमध्ये उतरतो, म्हणजे धाकट्याला सराव होतो. लोकांना वाटतं यात हातांची नक्कल करायची असते. हात सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच. माणूस असतो पायांत. कोण टाच उचलतो, कोण मागे जाताना आधी मागचा पाय हलवतो, कोण घाबरला की डावीकडेच सरकतो, हे कळलं की हात आपोआप येतात. त्यानंतर श्वास. मारायच्या आधी कोण श्वास धरतो आणि कोण सोडतो, हे एकदा छातीत बसलं की तो माणूस पुरता हाती आला. आजवर मी असे चाळीसेक तरी झालोय: आत घुसणारे, पळणारे, वाट बघणारे, डावखुरे, रडवे, मानी. हॉलवर मला सगळे बहुरूपी म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात की कीव करून, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आमचा हॉल एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली मशीन सुरू झालं की रिंगची जमीन तळव्यांना बारीक थरथरताना लागते, आणि घामाच्या वासात शाईचा वास मिसळलेला असतो. वस्ताद या हॉलचे मालक, शिक्षक आणि झाडूवाले. त्यांचे दोन्ही कान चुरगळलेले आहेत आणि ते चहा झाकणाच्या मगातून पितात, कारण वरून चुन्याचे पोपडे पडतात. वस्तादांचा एक कडक नियम आहे. ग्लोव्हजच्या नाड्या बांधल्या की नातं संपलं, नाड्या सुटल्या की परत सुरू. मधल्या वेळात मी धाकट्याचा दादा नाही. मी जो कोणी असेन तो, आणि धाकट्याने मला त्याच नावाने हाक मारायची. तो माणूस लढताना शिव्या देत असेल तर मीही द्यायच्या, आईबापाचा उद्धार करत असेल तर मीही करायचा, आणि ग्लोव्हजमध्ये बोललेला एक शब्दही बाहेर कुणी मनाला लावून घ्यायचा नाही. हा शनिवारचा लंबू तर लढता लढता अखंड बोलतो. "घरी जा रे, आई जेवायला थांबलीय," हे त्याचं आवडतं वाक्य. एवढं एक ऐकायला आवाज सुरू करावा लागला होता.

माझी आणि धाकट्याची वाट कुठं वेगळी झाली ते मला दिवसासकट माहीत आहे. आम्ही दोघं या हॉलवर एकाच दिवशी आलो, मी चौदाचा, तो अकराचा. वस्तादांनी त्याला त्याच्याहून हातभर उंच मुलासमोर सहज, गंमत म्हणून उभं केलं. धाकट्याने डोळे जवळजवळ मिटून डावा हात बाजूने फिरवला, आणि तो मुलगा बसला. खालीच बसला, पाय पसरून, कुणीतरी सांगितल्यासारखा. सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, वस्तादांनी धाकट्याला उचलून खांद्यावर घेतलं. माझ्या मते त्या क्षणी धाकट्याचं शिक्षण संपलं. ज्याला पहिल्याच घासाला गोड लागलं तो पुढचं ताट कशाला चाखून बघेल? त्याला तो एक हूक सापडला आणि पुढची वीस वर्षं त्याने त्यालाच पाणी घातलं. त्याला घण म्हणतात ते त्यावरूनच. मी मात्र त्या दिवशी समोरच्याला पाच ठोसे मारले, पाचही नीट, वस्तादांनी दाखवले तसे, आणि तो मुलगा जांभई देत उभा होता. "तुझ्या हाताला वजन नाही बाळा," वस्ताद मला म्हणाले. मग मी दुसरं शिकलो. त्यानेही काही झालं नाही म्हणून तिसरं. उजवा पाय पुढे, डावा पाय पुढे, वाकून, मागे झुकून, बाजूने, आतून. लोक म्हणतात अमक्याला सगळं येतं, काय त्याची बुद्धी. बुद्धी कसली! ज्याचं एकानेही भागत नाही त्याला सगळं शिकावं लागतं. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं आई म्हणायची आणि तिला वाटायचं मला ऐकू गेलं नाही.

पण एकच गोष्ट येणाऱ्याला त्या गोष्टीचं भाडं द्यावं लागतं. धाकटा हूक मारायच्या आधी डावा खांदा किंचित खाली घेतो आणि त्याच वेळी उजवा हात गालापासून सोडून छातीपर्यंत उतरवतो, वरच्या खिशात काहीतरी चाचपत असल्यासारखा. डोळा लवायला लागतो तेवढा वेळ. त्या वेळात त्याच्या उजव्या गालापाशी, कानशिलापर्यंत, सगळं उघडं असतं. मला ते आमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दिसलं होतं. मी वस्तादांना सांगितलं आणि म्हटलं की सरावात तिथे मारतो, दोन महिन्यांत सुटेल सवय. वस्ताद म्हणाले, "खबरदार. तो हात जपायला लागला की त्याचा हूक अर्धा होईल. त्याचा भरवसा हीच त्याची ताकद आहे, तिला धक्का लावू नकोस." त्या वेळी ते चूक नव्हते, धाकटा एकामागून एक लढती जिंकत होता. आणि मला तरी कुठं त्याला मारायचं होतं? म्हणून मी चाळीस माणसं झालो, हुबेहूब झालो, बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली, पण त्या चाळीसांतल्या एकानेही धाकट्याला उजव्या गालापाशी मारलं नाही. तो खांदा खाली घ्यायचा, मला ती जागा दिसायची, माझा डावा हात जागच्या जागी थांबायचा, आणि मी त्याचा हूक खायचो. मग तो खऱ्या लढतीला जायचा आणि खरा माणूस त्याला बरोब्बर तिथेच मारायचा. दर वेळी धाकट्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असायचं. तरी तो उभा राहायचा, सात-आठ खाऊन एक मारायचा आणि जिंकायचा. मग हळूहळू दहा-बारा खाऊन. गेल्या दोन लढती तो पंधरा-वीस खाऊन हरला. मी कोपऱ्यात बादली धरून उभा होतो. प्रत्येक ठोसा माझ्याकडून राहून गेलेला आहे असं मला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

त्याच दिवशी, सोमवारी, मी रिंगमध्ये उतरलो, लंबू झालो, उजवा पाय पुढे टाकून लांबून हातभर अंतर राखत फिरलो, "घरी जा रे" म्हणालो, आणि नेहमीप्रमाणे तीनदा ती जागा दिसली असता तीनदा हूक खाल्ला. बरगडीखाली लागलं की आधी काहीच वाटत नाही, मग पोटात कुणीतरी ओला कपडा पिळल्यासारखं होतं. त्या कळेतही मी त्याच्याकडे बघत होतो. कसा विसरला? पाच मिनिटांत? का ऐकलंच नव्हतं पहिल्यांदा? ऐकलं होतं, बरं म्हणाला होता. नाड्या सुटल्यावर मी वस्तादांना नळापाशी गाठलं. "वस्ताद, त्याने आज एकच प्रश्न दोनदा विचारला. तसाच्या तसा." "माझी बायको दिवसातून दहादा विचारते." "थट्टा नाही वस्ताद. त्याचं डोकं ठीक नाही." "लढतीच्या आठवड्यात कुणाचं ठीक असतं? शुक्रवारी संघटनेचे डॉक्टर बघतीलच की. तू तुझं सोंग बघ." संघटनेच्या डॉक्टरांची तपासणी मला पाठ आहे. डोळ्यात टॉर्च मारतात, नाकासमोर बोट फिरवतात आणि विचारतात, नाव काय, आज वार कोणता. नाव तो कशाला विसरेल? आणि वार वजनाच्या यंत्रामागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो.

हॉलवरून घरी चालत वीस मिनिटं लागतात. मधे शाळा, टायरची दुकानं, एक लांबलचक भिंत, पादचारी पूल. एरवी या रस्त्याने चालताना मी लोकांचे पाय बघत जातो, धंदाच तो. पुढे चालणाऱ्याच्या चपलेची टाच बाहेरून झिजली असेल तर नकळत मीही तसं चालू लागतो आणि घरी पोचेपर्यंत दोन-चार अनोळखी माणसं माझ्या अंगातून होऊन जातात. त्या दिवशी मला कुणाचेच पाय दिसले नाहीत. मला धाकटा दिसत होता. तो सहा वर्षांचा असताना मी त्याला शाळेतून आणायचो, याच भिंतीच्या कडेने, आणि तो भिंतीला बोट लावून चालायचा, संपेपर्यंत बोट काढायचा नाही. मधे कुणी माणूस टेकून उभा असला तर त्याच्या पोटावरून बोट न्यायचा. एकदा एकाने त्याला झापड मारली. मी त्या माणसाला काहीच म्हणालो नाही. धाकट्याला म्हणालो, दुसऱ्या बाजूने चाल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीच्याच बाजूने चालला. माझा स्वभाव आणि त्याचा स्वभाव या एवढ्यात आला. बाकीची वीस वर्षं नुसता पाल्हाळ.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. सोमवारी दुकान अर्धा दिवस, त्यामुळे ती घरीच होती. "आज कोणाला घेऊन आलास?" तिने विचारलं. हा तिचा नेहमीचा टोमणा. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, तू जेवताना वेगळ्या माणसासारखा जेवतोस, झोपताना वेगळ्या, मी नक्की कुणाशी लग्न केलं ते एकदा कागदावर दे. मी तिला दोनदा विचारलेल्या प्रश्नाचं सांगितलं. तिने भांडी पालथी घातली, हात पुसले आणि समोर येऊन बसली. "महिन्यापूर्वी तो दुकानात आला होता. डोकं दुखतं म्हणाला, नंबर बघा. मी त्याला पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. अगदी खालची ओळ वाचली त्याने, सगळी. मी म्हटलं, छान, आता दुसरा डोळा. तर हात त्याच डोळ्यावरून काढून परत त्याच डोळ्यावर ठेवला आणि तीच ओळ वाचली. तीन वेळा." "मला का नाही सांगितलंस?" "आमच्या शेठनी चिठ्ठी दिली ना त्याला, मोठ्या डॉक्टरांकडे जा म्हणून. डोळ्यांत काही नाही, डोळ्यांच्या मागे काहीतरी आहे म्हणाले. मला वाटलं त्याने तुला दाखवली असेल." चिठ्ठी त्याने खिशात ठेवली असणार आणि विसरला असणार. तिच्याही ते लक्षात आलं, कारण तिने मान फिरवली. मग मला आईचं घर आठवलं. धाकटा आईपाशी राहतो. तिथे स्वयंपाकघरात गेल्या काही महिन्यांत कागद चिकटवलेले आहेत, आईच्या अक्षरात: गॅस बंद, नळ बंद, किल्ली घेतली का. मी आईला म्हणालो होतो, तुला विसरायला व्हायला लागलं की काय. ती म्हणाली, "वय झालं रे." खोटं बोलताना आई पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तेव्हाही गुंडाळत होती, आणि मी, जो परक्या माणसाचा श्वास ओळखतो, मी तिच्याकडे बघून चहा पीत बसलो होतो.

"सांग त्याला," बायको म्हणाली. "सरळ सांग, लढू नकोस." "ऐकणार नाही." "मग ऐकेल असं सांग. एवढी माणसं होता येतात तुला, एकदा त्याचा भाऊ हो की." ती रागाने नव्हती म्हणाली. मी रात्रभर काय काय ठरवलं ते सांगत बसत नाही. सकाळपर्यंत एक गोष्ट उरली. धाकट्याला शब्द कळत नाहीत, त्याला ठोसा कळतो. जन्मात त्याने जे काही मान्य केलं ते अंगाला लागल्यावरच. तर मग मंगळवारी मी ती जागा सोडायची नाही. एकदा, दोनदा, तीनदा तिथे बसला की त्याला कळेल की हे त्याच्याच्याने होणार नाही, तो शनिवारची लढत सोडेल, मग मी त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे नेईन. ज्या डोक्याला वाचवायचं त्याच डोक्यावर मारायचं, हे मला दिसत नव्हतं असं नाही. माझ्या हाताला वजन नाही, याच एका गोष्टीवर माझी भिस्त होती. लागेल, पण इजा होणार नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की वकिलालाही मागे टाकतो.

मंगळवारी खाली मशीन सुरू होतं. वस्तादांनी आम्हा दोघांच्या नाड्या बांधल्या, मनगटाभोवती दोन वेढे आणि गाठ आतल्या बाजूला. धाकट्याने मला "चल लंबू" म्हटलं आणि दातात रबर घातलं. पहिलं मिनिटभर मी नेहमीसारखा होतो. मग त्याचा डावा खांदा खाली गेला, उजवा हात गालावरून उतरला, आणि ती जागा उघडी पडली. माझा डावा हात थांबला नाही. सरळ गेला. वीस वर्षांत मी असा आवाज माझ्या हातातून ऐकला नव्हता, भरलेली गोणी ओट्यावर टाकावी तसा. धाकट्याचा गुडघा मुडपला आणि डोळ्यांत तेच आश्चर्य आलं जे मी इतकी वर्षं कोपऱ्यातून बघत होतो, फक्त आता ते माझ्याकडे बघत होतं. आणि मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. भावाचं तोंड फिरलेलं असताना माझ्या पोटातून आनंद वर आला, चौदाव्या वर्षी राहून गेलेला आनंद, शिळा, आंबलेला. वजन होतं. माझ्याही हाताला वजन होतं आणि वीस वर्षं ते मी भावाला जपण्यात घालवलं, निदान तसं म्हणत आलो. कदाचित मी त्याला जपत नव्हतोच. कदाचित तो दर लढतीत थोडा थोडा फुटत होता ते मला कोपऱ्यातून बघायचं होतं. हे मनात येऊन पुरतं उमटायच्या आत त्याचा खांदा परत खाली गेला. पालथ्या घड्यावर पाणी. मी परत मारला, तिथेच. दुसऱ्या फेरीत त्याने उजवा हात गालाला चिकटवून ठेवला, पण मग त्याला हूक मारता येईना. तो नुसता उभा राहिला, ऐन बोलायच्या वेळी शब्द न सुचलेल्या माणसासारखा, डावा हात उगाच हलवत. हूक काढून घेतला तर आत कोणी नव्हतं. ते बघणं मारण्यापेक्षा वाईट होतं. तिसऱ्या फेरीत त्याने हात पुन्हा सोडला, बहुधा ठरवून नाही, विसरून. मी मारला आणि तो खाली बसला. पाय पसरून बसला.

मी त्याच्याशेजारी गुडघ्यावर टेकलो. दातातलं रबर थुंकलं. मला आत्ताच, या क्षणी, बोलायचं होतं, कारण नाड्या सुटून, अंघोळ होऊन, बाहेर चहाच्या टपरीवर भाऊ म्हणून समोरासमोर उभं राहून बोलण्याची छाती मला नाही हे मला ठाऊक होतं. "शनिवारी लढू नकोस," मी म्हणालो. "तुझं डोकं गेलंय. तू विसरतोस. काल तू मला एकच गोष्ट दोनदा विचारलीस. आईने घरात चिठ्ठ्या लावल्यात त्या तुझ्यासाठी. आणखी दहा ठोसे खाल्लेस तर आईला ओळखणार नाहीस. ऐक माझं. घरी जा." माझा आवाज फाटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ग्लोव्हने पुसता येत नव्हतं. धाकटा माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला वाटलं, पोचलं. मग तो रबर लावलेल्या तोंडाने हसला. मोठ्याने हसला. रबर काढून वस्तादांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का वस्ताद? बोलतोयसुद्धा डिट्टो! आईवरूनच बोलतो ना तो?" वस्तादांनी मगावर झाकण ठेवलं. ते इतके खूश झालेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. "शाब्बास बहुरूपी! हा खरा लंबू. अरे, इतकी वर्षं कुठं लपवून ठेवला होतास? मी म्हणतो याला लढतीत नेहमी एकाच जागी का लागतं! आता बघ, शनिवारपर्यंत रोज हेच. तीन फेऱ्या, तिथेच मारायचं, शिकेल तो." "शिकेन," धाकटा म्हणाला. ज्यांनी मला तिथे मारायची बंदी केली होती ते ही गोष्ट साफ विसरले होते, आणि त्यांच्या डोक्याला तर गेल्या वीस वर्षांत कुणी हातही लावला नव्हता.

वस्तादांनी धाकट्याच्या नाड्या सोडल्या आणि ते फोन आला म्हणून जिन्याकडे गेले. आम्ही दोघं बाकावर बसलो. त्याच्या उजव्या गालाचं हाड लाल झालं होतं आणि डोळा बारीक होत चालला होता. त्याने माझा उजवा हात मांडीवर ओढून घेतला, गाठ दातांनी सैल केली, नाडी एकेका भोकातून काढली आणि ग्लोव्ह उपसून बाजूला ठेवला. ग्लोव्हची नाडी आपली आपल्याला सोडता येत नाही. लहानपणापासून आम्ही एकमेकांच्या सोडत आलोय, आणि ती सोडताना त्याचा हात फार हळू असतो. "दादा," तो म्हणाला. नातं सुरू झालं होतं. "आज चांगलंच लागलं बघ. पण बरं झालं. तू केलंस म्हणून कळलं." खाली मशीन थांबलं आणि हॉल एकदम शांत झाला. "दादा, खरं सांग. शनिवारी जमेल ना मला?"

त्याने भुवया वर केल्या. याहून सरळ कुणी कुणाला विचारत नाही, आणि नाही हा शब्द काही जड नाही, अडीच वर्षांची पोरं बोलतात. मी तोंड उघडलं. एवढी माणसं या अंगातून गेली, त्यांतले निम्मे तरी हे तोंडावर सांगू शकले असते: तो मानी, तो शिवराळ, तो लंबूसुद्धा. मी त्यांच्यात शोधत राहिलो. धाकटा वाट बघत होता. शेवटी घसा खाकरला गेला, आणि त्या खाकरण्यावरूनच मला कळलं कुणाचा आवाज येतोय. "जमेल की," मी वस्तादांच्या आवाजात म्हणालो, "न जमायला काय झालंय."

त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याने सुस्कारा सोडला आणि थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत हसत राहिला. मग खाली बघून त्याने माझा हात पुन्हा मांडीवर घेतला. तोच हात, उजवा, मोकळा. मनगटावरच्या पट्टीवरून त्याची बोटं फिरू लागली, आतल्या बाजूला गेली, परत वर आली. तो गाठ शोधत होता. भुवया आकसून, जीव लावून शोधत होता. ग्लोव्ह घातलेला माझा डावा हात माझ्याच पाठीमागे होता. मी उजवा हात त्याच्यासमोर तसाच धरून ठेवला.